सेटिंगच बदललंय, कोड नाही!

सॉलिडिटी ही इथेरियमवरची कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा. तिच्या कंपायलरमधल्या आयआरबद्दल (इंटरमीजिएट रिप्रेझेंटेशन), म्हणजे सोर्स आणि ईव्हीएमचा (कॉन्ट्रॅक्ट चालवणाऱ्या इथेरियम व्हर्च्युअल मशीनचा) बाइटकोड यांच्या मधल्या 'यूल' या टप्प्याबद्दल, तेच प्रश्न फिरून फिरून येतात.

यूल न शिकता सॉलिडिटी लिहिता येईल का?
येईल.

'स्टॅक टू डीप' एरर येते. ग्रुपवर म्हणाले, व्हाया-आयआर (यूलमार्गे कंपाइल करायचं सेटिंग) चालू कर. करू?
ग्रुपवर सगळंच चालू करायला सांगतात. ईव्हीएमचा हात स्टॅकच्या (हाताशी लागणाऱ्या व्हॅल्यूंच्या राशीच्या) वरच्या साधारण सोळा जागांपर्यंतच पोचतो. यूलमार्गे कंपायलर जास्तीची व्हेरिएबल्स मेमरीत हलवू शकतो. पण सोर्समध्ये हाताने लिहिलेली असेंब्ली मेमरी-सेफ (कंपायलरच्या मेमरीला धक्का न लावणारी) नसेल तर तेही जमत नाही. आधी फंक्शन लहान करा.

ऑडिट जुन्या मार्गाने (यूलशिवाय थेट बाइटकोड) झालंय. मेननेटला (खऱ्या चेनवर) जाताना फक्त व्हाया-आयआर चालू केलं, कोडला हात लावलेला नाही. चालेल ना?
नाही. चेनवर सोर्स जात नाही, बाइटकोड जातो, आणि तो आता वेगळा आहे. समजा 'अ'च्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक्स = ४२ होतं, आणि 'अ'वरून आलेल्या 'ब'मध्ये वाय = एफ() आहे; एफ() एक्स परत देतं. जुना मार्ग आधी सगळी स्टेट व्हेरिएबल्स भरतो, मग कन्स्ट्रक्टर चालवतो : वाय शून्य. यूलमार्गे 'अ'चं सगळं उरकून मग 'ब'कडे येतात : वाय ४२. एक अक्षरही न बदलता! हे वर्तन अधिकृत दस्तऐवजात लिहिलेलं आहे, पण वाचतो कोण?

शिवाय हा मार्ग २०२२ साली ०.८.१३ मध्ये 'प्रॉडक्शनसाठी तयार' ठरला. त्याच आवृत्तीत ऑप्टिमायझरमध्ये एक बग शिरला : असेंब्लीतून मध्येच व्यवहार संपवणारं फंक्शन असेल, तर त्याआधीचं स्टोरेजमधलं (चेनवर कायम राहणाऱ्या जागेतलं) लिखाण उडू शकायचं. तो निघाला ०.८.१७ मध्ये. म्हणून डिप्लॉय करायच्या सेटिंगवरच सगळ्या टेस्ट पुन्हा चालवा आणि ऑडिटरला लेखी कळवा. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या.

एक कंपनी 'आयआर ऑप्टिमायझेशन'ने गॅस (व्यवहाराची फी मोजायचं एकक) निम्मा करण्याची हमी देते. घ्यावी?
स्टोरेजच्या रिकाम्या स्लॉटमध्ये पहिल्यांदा लिहायला २२,१०० गॅस लागतो. ते लिखाण गरजेचं असेल तर कुठलाही आयआर ते स्वस्त करत नाही. तुमच्याच कॉन्ट्रॅक्टचा आधीचा आणि नंतरचा गॅस रिपोर्ट मागा, आणि तो त्यांच्याशी संबंध नसलेल्या ऑडिटरला दाखवा.

इथरस्कॅनवर (चेन पाहायच्या साइटवर) कॉन्ट्रॅक्टचा सोर्स व्हेरिफाय होत नाही.
कंपायलर आवृत्ती, ऑप्टिमायझर रन्स, व्हाया-आयआर : डिप्लॉयच्या वेळी होतं तेच द्या. आठवत नसेल तर डिप्लॉय करणाऱ्याला गाठा.