माणिक आणि नीलम खरंच एकच खनिज आहे का? आणि माझ्याकडचं माणिक घरी कसं तपासू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्योतिषांनी सांगितलं की माणिक सूर्याचं, नीलम शनीचं, दोन्ही एकत्र घालू नका, पण तुमच्या वाचनात आलं की ही दोन्ही रत्नं म्हणजे एकच खनिज. हे खरं का? आणि घरात जे साडेपाच रत्तीचं माणिक आहे ते अस्सल आहे का, हे घरच्या घरी कळेल का? मी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत काम करते. सूर्य-शनीचं भांडण त्यांचं त्यांना मिटवू दे, बाकीचं मी सांगते.

हो, खनिज एकच. मराठी पुस्तकांत त्याला कुरुविंद म्हणतात, बाजारात कोरंडम. ॲल्युमिनियमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन, एवढंच त्याचं सूत्र. शुद्ध कोरंडम पाण्यासारखा रंगहीन असतो. लाल झाला तर माणिक, निळा झाला तर नीलम, पिवळा झाला तर पुष्कराज. म्हणजे सूर्य, शनी आणि गुरू तिघेही एकाच घरातले. (पुष्कराज म्हणून पुष्कळदा पिवळा टोपाझ गळ्यात मारतात. ते अगदीच वेगळं खनिज, ॲल्युमिनियमचं फ्लोरिनयुक्त सिलिकेट, आणि एका दिशेने सरळ चिरतं. तो विषय पुन्हा कधीतरी.)

आता रंग कुठून येतो? कोरंडमच्या आत ऑक्सिजनचे आयन घट्ट थरांनी रचलेले असतात. त्यांच्यामधे ज्या सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या पोकळ्या राहतात, त्यांतल्या दोन तृतीयांश पोकळ्यांत ॲल्युमिनियम बसतो. स्फटिक तयार होताना आसपास क्रोमियम असेल, तर शंभरातल्या एखाद्या जागी किंवा त्याहूनही कमी ठिकाणी ॲल्युमिनियमऐवजी तो शिरतो. क्रोमियमचा आयन अंगाने थोडा मोठा, त्यामुळे लोकलमधल्या चौथ्या सीटवर बसल्यासारखा अवघडून बसतो. या दाबाखाली त्याचे इलेक्ट्रॉन प्रकाशातला जांभळा आणि हिरवा-पिवळा भाग शोषून घेतात आणि लाल सोडून देतात. शिवाय शोषलेल्या ऊर्जेतली थोडी ६९४ नॅनोमीटरच्या गडद लाल प्रकाशाच्या रूपाने परत बाहेर टाकतात. चांगलं माणिक उन्हात आतून पेटल्यासारखं दिसतं ते यामुळे. १९६० साली थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर बनवला तो याच प्रकाशावर, कारखान्यात बनवलेल्या माणकाच्या कांडीतून.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट यापुढची आहे. हाच क्रोमियम बेरिल नावाच्या खनिजात शिरला की हिरवागार पाचू तयार होतो. मूलद्रव्य तेच, भोवती ऑक्सिजनही सहाच. पण बेरिलमधे क्रोमियमवरचा त्यांचा दाब थोडा सैल असतो. तेवढ्याने शोषणाचे पट्टे जरा सरकतात, हिरवा प्रकाश सुटतो आणि लाल अडकतो. या दोन्हींच्या मधला दाब असलेलं खनिज म्हणजे क्रायसोबेरिल, आणि त्यात क्रोमियम आला की ॲलेक्झांड्राइट होतो: दिवसाच्या उजेडात हिरवा, पिवळ्या बल्बखाली लालसर. त्याला कुठल्या बाजूला जायचं ते ठरवता येत नाही, म्हणून बिचारा दिव्याच्या मर्जीवर राहतो.

नीलमाचं गणित निराळं. तिथे लोह आणि टायटॅनियम शेजारशेजारच्या जागांवर बसावे लागतात. लोहाकडचा इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी मारतो आणि त्या उडीत पिवळा-लाल प्रकाश खर्ची पडतो, उरतो निळा. यासाठी दोन्ही धातू अगदी चिमूटभर पुरतात. नुसतं लोह असेल तर खडा फिकट पिवळा किंवा हिरवट होतो. श्रीलंकेत गेउडा नावाचे दुधी, कळाहीन खडे निघायचे आणि ते टाकाऊ समजले जात. त्यांच्यात टायटॅनियम होता, पण रुटाइल या दुसऱ्या खनिजाच्या केसाहून बारीक सुयांत बंदिस्त. १९७० च्या दशकात लोकांनी ते १,६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून पाहिले. सुया विरघळल्या, टायटॅनियम मोकळा होऊन लोहाच्या शेजारी जाऊन बसला आणि खडे निळे झाले. आज बाजारातले बहुतेक नीलम आणि माणिक तापवलेले असतात. त्यात फसवणूक नाही, फक्त न तापवलेल्या खड्याचा भाव बराच जास्त असतो, त्यामुळे विकणाऱ्याने ते सांगायला हवं.

एवढं सगळं सांगितलं ते एका गोष्टीसाठी: रंगावरून रत्न ओळखता येत नाही. रंग ही आत घुसलेल्या पाहुण्यांची करामत, खनिजाची ओळख असते त्याच्या रचनेत. ब्रिटिश राजमुकुटात समोरच्या बाजूला ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ म्हणून जो मोठा लाल खडा आहे तो माणिक नाहीच, स्पिनेल आहे. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, लाली त्याच क्रोमियमची, आणि निघतोही कधीकधी माणकाच्याच संगमरवरातून. राजेरजवाडे शतकानुशतकं फसले, तर नुसत्या रंगावर तुम्ही-मी काय ठरवणार.

आता तुमचा खडा. दुधात टाकून दूध गुलाबी होतं का पाहायचं, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाच असेल. लाल काचेनेही दूध गुलाबी दिसतं. काचेवर घासून पाहू नका. माणकाचं काठिण्य मोहच्या मापावर ९ आहे, काचेचं साडेपाचच्या आसपास, पण गार (क्वार्ट्झ) किंवा तामडाही (गार्नेट) काच सहज ओरखडतो, त्यामुळे सिद्ध काहीच होत नाही आणि पैलूची कड मात्र उडू शकते. त्यापेक्षा अंगठी जुनी असेल तर भिंगातून त्या कडा बघा. मुंबईच्या धुळीत गारेची पूड असते, काठिण्य ७. वर्षानुवर्षं वापरातल्या काचेच्या कडा त्या धुळीने झिजून गोल होतात. कोरंडमच्या कडा सहसा तशाच कोरीव राहतात.

खडा सुटा असेल तर खरी कामाची चाचणी घनतेची. रत्तीचं वजन दुकानागणिक थोडं बदलतं, पण साडेपाच रत्ती म्हणजे साधारण पाच कॅरेट, म्हणजे एक ग्रॅम. तुमच्या सोयीचा आकडा आहे. एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, ऑनलाइन मिळतो. त्यावर छोट्या प्लास्टिकच्या कपात पाणी ठेवा आणि काटा शून्यावर आणा. खडा पातळ दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. खड्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका, नाहीतर सगळं गणित बिघडतं. काट्यावर जो आकडा येईल ते खड्याने सारलेल्या पाण्याचं वजन. खड्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा. एक ग्रॅमच्या माणकाला काटा ०.२५० च्या जवळपास दाखवेल, कारण कोरंडमची घनता ४ आहे. स्पिनेल असेल तर ०.२७८ च्या आसपास, साधी काच असेल तर ०.४००. लाल क्युबिक झिरकोनिया, म्हणजे कारखान्यात बनणारा नकली खडा, फार जड, तिथे ०.१८० च्याही खाली येईल. तामडा मात्र इथे चकवतो. गार्नेटच्या या जातीची घनता ३.८ ते ४.२ पर्यंत कुठेही असू शकते, म्हणजे माणकाच्या अगदी गळ्यात गळा.

तामडा आणि स्पिनेल दोघांनाही पकडणारी युक्ती रचनेतूनच मिळते. ते घनाकृती वर्गातले स्फटिक, त्यांच्यात प्रकाश सगळ्या दिशांना सारखाच चालतो. माणकात तसं नाही. लॅपटॉपचा साधा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा, त्याचा प्रकाश मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा असतो. खोलीतला दिवा बंद करा, खडा पडद्यासमोर धरून आरपार बघत सावकाश फिरवा. माणिक असेल तर लाली कधी जांभळट, कधी नारिंगी झाक घेईल. पहिल्या खेपेला फरक दिसला नाही तर खडा वेगळ्या बाजूने धरून पुन्हा फिरवा, कारण माणकातही एक दिशा अशी असते जिथून रंग बदलत नाही. काच, तामडा आणि स्पिनेल कुठूनही धरा, रंग तोच. आमच्याकडे हेच काम अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते, मोजून होतं: माणकाचे आकडे दोन येतात, १.७६२ आणि १.७७०, स्पिनेलचा एकच, १.७१८ च्या आसपास.

पण या दोन्ही चाचण्यांत खडा पास झाला तरी लगेच पेढे वाटू नका. तुम्हाला एवढंच कळलं की तो कोरंडम आहे. जमिनीतून निघाला की भट्टीतून, हे अजून कळलेलं नाही. ऑगस्त व्हर्न्युई यांनी १९०२ साली ॲल्युमिनाची पूड ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. रसायन तेच, रचना तीच, घनताही तीच. जुन्या एचएमटी घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असायचं, ती आत बसवलेली सतरा बनावट माणकंच. त्यांना ओळखायचं ते पोटात बघून. भट्टीतल्या खड्यात वाढीच्या रेषा वक्र असतात आणि गोल बुडबुडे सापडतात. निसर्गात वाढीच्या रेषा सरळ असतात, कोनात वळणाऱ्या, आणि सोबत रुटाइलच्या सुयांचं ‘रेशीम’. यूव्ही टॉर्चवर विसंबू नका. म्यानमारच्या मोगोकचं माणिक त्याखाली झगझगीत लाल चमकतं, पण भट्टीतलं त्याहूनही जास्त चमकतं. आणि लोह जास्त असलेलं अस्सल माणिक जेमतेमच चमकतं, कारण लोह ती चमक मारून टाकतं.

माझ्या टेबलावर सध्या सगळ्यात जास्त डोकेदुखी असते ती शिसं मिसळलेली काच भरलेल्या माणकांची. भेगांनी भरलेला, जवळजवळ अपारदर्शक स्वस्त कोरंडम घेतात आणि भेगांत ही काच भरतात. काच आणि कोरंडम दोघांचे अपवर्तनांक जवळ आल्यामुळे भेगा दिसेनाशा होतात. खडा कोरंडमच असतो, त्यामुळे तुमची पडद्याची चाचणी तो पास होईल, घनतेतही सहसा फारसं वावगं दिसत नाही. दहापट भिंगाखाली तिरपं धरून हलवलं की आत निळसर चमक सळकन पळताना दिसते आणि चपटे बुडबुडेही दिसतात. असा खडा अंगठीची डागडुजी करताना सोनाराच्या ज्योतीखाली गेला किंवा लिंबाच्या रसात राहिला तर काच खराब होते आणि भेगा पुन्हा उघड्या पडतात. माणकाच्या भावात हा माल विकणं मी सरळ लबाडी समजते.

म्हणून शेवटचा निकाल प्रयोगशाळेतूनच घ्या. झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, बीकेसी, तिन्हीकडे त्या आहेत. विकणाऱ्याच्याच दुकानाने छापून दिलेलं कार्ड चालत नाही. शक्यतो कोंदणातून काढलेला खडा न्या, कारण बसवलेल्या खड्याची घनता मोजता येत नाही आणि मागची बाजू बंद असेल तर आतलंही नीट दिसत नाही. अहवाल हातात आला की ‘नॅचरल कोरंडम’ हे शब्द वाचून थांबू नका, काचभरल्या खड्याच्या अहवालातही ते शब्द असू शकतात. त्याखाली प्रक्रियेची म्हणजे ट्रीटमेंटची ओळ असते. तापवल्याचा उल्लेख असेल तर हरकत नाही. ‘लेड ग्लास’ किंवा ‘कॉम्पोझिट’ असं काही लिहिलेलं असेल तर पावती घेऊन थेट दुकान गाठा.