गोष्ट संपल्यावर मूल काय सांगते?

मुलांना ख्रिस्ती मूल्ये शिकवणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांबद्दल वाचकांकडून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पहिल्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या बहुतेक पत्रांतील शंका त्यांतच येऊन जातात.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. बायबलवर आधारित कार्टून मालिका ती आवडीने पाहते आणि प्रत्येक भागाच्या शेवटी सांगितलेला बोध तिला तोंडपाठ असतो. खोटे बोलू नये, असे शिकवणारा भाग तर तिने कितीतरी वेळा पाहिला आहे. असे असूनही परवा तिने मोठ्या बहिणीची वही फाडली आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून ते धाकट्या भावावर ढकलले. या मालिकांचा खरोखर काही उपयोग होतो, की आम्ही पालक आपल्याच मनाचे समाधान करून घेत आहोत?

उत्तर : आपली मुलगी लबाड नाही आणि मालिका कुचकामी ठरली असेही नाही. बोध पाठ असणे आणि वही फाटल्यावर तो आठवून स्वतःला लावणे यांत मोठे अंतर आहे. सहा वर्षांच्या मुलाला ते अंतर एकट्याने ओलांडता येत नाही. पडद्यावरचा मुलगा खोटे बोलला, त्या गोष्टीत फुलदाणी होती, घर वेगळे होते, आई वेगळी होती. आपल्या घरात मात्र वही आहे आणि समोर आपण आहात. ही दोन्ही प्रकरणे मुळात एकच आहेत हे मोठ्यांना विचार न करताच कळते, पण लहान मुलाला ते कुणीतरी जोडून दाखवावे लागते.

याचा एक चांगला अभ्यास अमेरिकेत झाला असून तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तो ख्रिस्ती मालिकेवरचा नव्हता, पण प्रश्न हाच होता. क्लिफर्ड नावाच्या लाल कुत्र्याच्या मालिकेतील एक भाग बालवाडीच्या वयातील मुलांना दाखवण्यात आला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, इतर कुत्रे त्याच्याशी वागताना बिचकतात आणि शेवटी तो आपल्यासारखाच आहे हे त्यांच्या ध्यानात येते. वेगळ्या दिसणाऱ्या माणसाला दूर लोटू नये, हा त्यामागचा हेतू होता. मुलांना या गोष्टीतून काय शिकायला मिळाले असे विचारल्यावर बहुतेकांनी सांगितले, की तीन पायांच्या कुत्र्याशी चांगले वागावे. गोष्टीतला कुत्रा त्यांच्यासाठी कुत्राच राहिला, त्याचा माणूस झाला नाही.

मी स्वतः अनेक वर्षे संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, शिकवले आहे आणि हेच वेगळ्या रूपात पाहिले आहे. एकदा क्षमेविषयीचा एक भाग वर्गात लावला होता. त्यात एक मुलगा चेंडू खेळताना शेजाऱ्यांचा दिवा फोडतो, दोन दिवस लपवून ठेवतो आणि शेवटी कबूल करतो, तेव्हा शेजारचे आजोबा त्याला जवळ घेतात. भाग संपल्यावर मी विचारले, “काय शिकलात?” पुढच्या बाकावरची एक मुलगी ताबडतोब म्हणाली, “दुसऱ्यांच्या घराजवळ चेंडू खेळू नये.” मला हसू आले नाही, कारण तिने जे पाहिले होते ते तिने अगदी प्रामाणिकपणे सांगितले होते. मग मी प्रश्न बदलला. दिवा लपवला तेव्हा त्या मुलाला पोटात कसे वाटत असेल, असे विचारले. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, “त्याला वाटलं असेल, आता आजोबा मला कधीच आत घेणार नाहीत.” क्षमेचा धडा त्या दिवशी तिथून सुरू झाला.

दुसरी अडचण मालिकेच्या घडणीतच असते. वीस मिनिटांच्या भागात पंधरा मिनिटे खोड्या, खोटेपणा आणि भांडण चालते, कारण गोष्ट त्यातूनच रंगते, आणि पश्चात्ताप अखेरच्या मिनिटात उरकला जातो. मुलाच्या मनात साहजिकच जास्त वेळ पाहिलेले ठसते. शालेय वयाच्या आधीच्या मुलांवरचा आणखी एक अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की शैक्षणिक कार्यक्रम जास्त पाहणाऱ्या मुलांमध्ये एखाद्याला खेळातून वगळणे, अबोला धरणे, टोचून बोलणे यांसारखे प्रकार पुढे वाढले. मुले भांडण उचलतात आणि समेट त्यांच्या हातून निसटतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून मालिका निवडताना शेवटचे वाक्य किती सुंदर आहे हे पाहू नये. चूक सावरायला गोष्टीत किती वेळ दिला आहे, हे पाहावे.

आता काय करावे? मुलीशेजारी बसून पाहावे. टेक्सस टेक विद्यापीठातील संशोधकांनी दोन ते सहा वर्षांच्या १२७ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’ ही मालिका पाहून मुलांमध्ये सहानुभूती वाढते का, हे त्यांनी तपासले. ज्या घरांत आईवडील टीव्हीवर पाहिलेल्या गोष्टींविषयी मुलांशी नेहमी बोलत असत, तिथेच फरक दिसला. “काय शिकलीस?” हा प्रश्न मात्र विचारू नये, कारण आपल्याला कोणते उत्तर हवे आहे हे मुलीला ठाऊक असते आणि ती ते देऊन मोकळी होते. भाग मध्येच थांबवून “आता हा काय करील असं तुला वाटतं?” एवढेच विचारून पाहावे.

वहीच्या प्रसंगी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. “एवढे भाग पाहतेस आणि तरी खोटं बोलतेस?” असे म्हणू नये. त्या एका वाक्याने तिची आवडती मालिका तिच्याविरुद्ध साक्षीला उभी राहते. त्याऐवजी तिला शेजारी बसवून फाटलेली पाने तिच्याच हातांनी चिकटवून घ्यावीत. ते करताना ती बोलली तर बोलू द्यावे.

प्रश्न : मी संडे स्कूलची शिक्षिका आहे. वर्गाचा अर्धा वेळ मी अशा मालिकांचे भाग दाखवते आणि मुलेही त्यासाठी आवर्जून येतात. आमच्या पाळकसाहेबांचे म्हणणे असे, की या मालिका चांगले वागायला शिकवतात, शुभवर्तमान, म्हणजे देवाच्या कृपेचा संदेश, शिकवत नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? मी हे बंद करावे का?

उत्तर : पाळकसाहेबांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. विशेष म्हणजे, या क्षेत्रातील सर्वांत यशस्वी मालिकांपैकी एकीच्या निर्मात्याने तो स्वतःवरच घेतला आहे. फिल व्हिशर आणि माइक नॉरॉकी यांनी ‘व्हेजीटेल्स’ ही मालिका १९९३ साली व्हिडिओ कॅसेटवर आणली. त्या काळच्या संगणकावर हातपाय, केस आणि कपडे असलेली पात्रे हलवणे फार अवघड आणि खर्चाचे होते, म्हणून टोमॅटो आणि काकडी यांना नायक केले गेले. या भाज्यांच्या तोंडून बायबलमधील गोष्टी सांगणाऱ्या कॅसेटी अमेरिकेत घरोघरी पोहोचल्या. पुढे कंपनी फार वेगाने वाढली, २००३ साली दिवाळखोरीत गेली आणि विकली गेली. त्यानंतर मागे वळून पाहताना व्हिशर यांनी २०११ साली एका मुलाखतीत कबूल केले, की मुलांनी ख्रिस्ती माणसासारखे वागावे म्हणून आपण इतकी वर्षे खटपट केली, पण ख्रिस्ती विश्वास त्यांना शिकवलाच नाही. बायबल सांगते म्हणून क्षमा करा, बायबल सांगते म्हणून दयाळू व्हा, एवढ्यावर जे थांबते ती नीती आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कंपनी हातची गेल्यानंतर त्यांनी संपूर्ण बायबलची ओळख करून देणारी वेगळी मालिका काढली. यश मिळाल्यानंतर इतक्या उघडपणे स्वतःची चूक सांगणाऱ्या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

हा फरक वर्गात कसा ओळखावा, यासाठी मी जक्कयची गोष्ट वापरते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो जकातदारांचा प्रमुख उंबराच्या झाडावर चढून बसला आहे. येशू वर पाहतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे असे म्हणतो. अर्धे धन गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कय त्यानंतर करतो. आधी हाक आली आणि सुधारणा मागून आली. नीतीचा धडा देण्याच्या घाईत हा क्रम सहज उलटा होतो: मूल चांगले वागते, म्हणून देव त्याच्यावर खूश होतो. एखादा भाग वर्गात लावण्यापूर्वी स्वतः पाहावा आणि त्यात प्रेम आधी मिळते की चांगले वागल्यावर मिळते, एवढे तपासावे. ज्या मुलाला घरी रोज बोलणी खावी लागतात, त्याच्यासाठी हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालिकेला ठरलेल्या मिनिटांत सगळे गुंडाळावे लागते, पण पवित्र शास्त्राला तशी घाई नाही. योनाचे पुस्तक एका प्रश्नावर संपते. देवाने निनवे शहराचा नाश केला नाही म्हणून योना शहराबाहेर रुसून बसला आहे, आणि ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशा एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची मी कीव करू नये काय, असे देव त्याला विचारतो. योनाने काय उत्तर दिले हे लिहिलेलेच नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही धाकटा भाऊ घरी परतल्याची मेजवानी चालू असताना थोरला भाऊ रागाने बाहेरच उभा राहतो. तो मेजवानीला आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. ज्या गोष्टी मुद्दाम उघड्या ठेवलेल्या आहेत, त्यांना शेवटी बोधाचे झाकण लावण्याची आपल्याला काय गरज?

म्हणून मालिका बंद करू नयेत, त्यांचा वेळ कमी करावा. अर्ध्या वर्गाऐवजी दहा मिनिटे पुरेत. पात्र समोर येऊन बोध सांगू लागण्याच्या आधी चित्र थांबवावे, मूळ उतारा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि पडद्यावर दाखवलेले पण उताऱ्यात नसलेले काय होते, हे त्यांना शोधू द्यावे. आठ-नऊ वर्षांची मुले यात फार रमतात आणि शास्त्र बारकाईने वाचायला शिकतात. मुले टीव्हीसाठी येतात याचे वाईट वाटून घेऊ नये. कशासाठी का होईना, ती आपल्यासमोर बसलेली आहेत.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. मुलांना अशी एक मालिका फार आवडू लागली आहे. त्यातील प्रामाणिकपणा आणि दया आम्हालाही पटते, पण मध्ये मध्ये प्रार्थना आणि येशूचे नाव येते. मुलांना पाहू द्यावे का?

उत्तर : आपण मोकळेपणाने विचारले आहे, तेव्हा मीही मोकळेपणाने सांगते. या मालिका श्रद्धा पोहोचवण्यासाठीच काढल्या जातात आणि त्यांचे निर्माते ते लपवत नाहीत. १९६०च्या दशकात सुरू झालेल्या ‘डेव्ही अँड गोलायथ’ या बाहुल्यांच्या मालिकेचा खर्च अमेरिकेतील ल्यूथरन चर्चने केला होता. ‘सुपरबुक’ची पहिली मालिका १९८१ साली जपानच्या तात्सुनोको स्टुडिओने ख्रिश्चन ब्रॉडकास्टिंग नेटवर्कसाठी तयार केली. मुले बायबलच्या काळात जाऊन पोहोचतात, अशी तिची मांडणी आहे.

श्रद्धा वगळून फक्त नीती ठेवण्याचा प्रयोगही झाला आहे. २००६ साली एनबीसी वाहिनीवर व्हेजीटेल्स दाखवताना देवाचे आणि बायबलचे उल्लेख कापण्यात आले, तेव्हा पाहणारे आणि निर्माते दोघेही नाराज झाले. याच्या उलट उदाहरण अमेरिकेत मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांचे आहे. १९६३ साली त्यांना प्रेस्बिटेरियन पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मुलांसाठी दूरचित्रवाणीवर काम करणे हीच त्यांची सेवा ठरली आणि १९६८ ते २००१ या काळात त्यांनी पडद्यावर कधी प्रवचन केले नाही. १९६९च्या एका भागात ते उकाड्यात पाय गार करण्यासाठी लहान मुलांच्या प्लास्टिकच्या टबात पाय सोडून बसले आहेत. पोलिसाचे काम करणारे कृष्णवर्णीय अभिनेते फ्रांस्वा क्लेमन्स तिथे येतात, तेव्हा रॉजर्स त्यांनाही बसायला सांगतात. दोघांचे पाय एकाच पाण्यात आहेत आणि पाय पुसायला टॉवेलही एकच आहे. पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांना येऊ देण्यावरून अमेरिकेत तंटे झाले होते, त्या काळातील हे दृश्य आहे. येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्यात तेही दिसते. ज्यांना माहीत नाही, त्यांनाही दोन माणसे दिसतातच.

आपण मुलांना पाहू द्यावे, पण सोबत बसावे आणि साध्या शब्दांत सांगावे, की ही गोष्ट सांगणारे लोक असे मानतात आणि आपल्या घरी आपण असे मानतो. मुलांना हे सहज समजते. कुणी काय मानते हे उघड सांगणारी मालिका मला नेहमीच जास्त सुरक्षित वाटते.

प्रश्न : जलप्रलयाचा भाग पाहिल्यापासून माझा पाच वर्षांचा मुलगा पाऊस लागला की रडतो. “ते खरं नाही” असे सांगून झाले, “देव आपल्याला बुडवणार नाही” असेही सांगून झाले. काय करावे?

उत्तर : या वयात स्पष्टीकरणाने भीती जात नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना शब्दांपेक्षा स्पर्शाने, हातात धरलेल्या खेळण्याने, शेजारी कुणी असण्याने अधिक धीर येतो. शिवाय देवाच्या गोष्टीविषयी “ते खरं नाही” असे म्हटल्याने पुढे दुसरेच प्रश्न उभे राहतात, म्हणून ते म्हणूच नये. पाऊस आला की त्याला कडेवर घेऊन खिडकीशी उभे राहावे आणि पाणी कुठून कुठे वाहत जाते ते दाखवावे. तो भाग सध्या लावू नये. पुढे कधी लावलाच तर दिवसा लावावा आणि मध्येच बंद करू नये, कारण पुन्हा असा प्रलय येणार नाही या देवाच्या वचनाची खूण असलेले मेघधनुष्य अगदी शेवटी येते.