आधी दाखल नोंदवही उघड

प्रिय दोस्ता,

कोल्हापुरातल्या पेठेतल्या वाचनालयाचा इतिहास लिहायला घेतलास, बरं केलंस. फक्त स्मरणिकांपासून सुरुवात करू नकोस. त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात; सुवर्णमहोत्सवात शिरलेली चूक अमृतमहोत्सवात ठळक टायपात छापली जाते.

स्थापनेची सालं तीन सापडतील: ठराव झाला ते, दार उघडलं ते आणि नोंदणीचं. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आल्यावर जुन्या संस्थाही धर्मादाय कार्यालयात नोंदल्या गेल्या, त्यामुळे पाटीवरचं साल बऱ्याचदा नोंदणीचंच असतं. तिन्ही लिही आणि कोणतं कोणत्या कागदावरून घेतलं तेही लिही. त्याच कार्यालयातले बदल अर्ज मागून घे. विश्वस्त कधी आले, कधी गेले ते तिथे तारखेनिशी मिळतं. कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळव. माघ-फाल्गुन असेल तर ७९; पौष असेल तर तिथी बघून ठरव, कारण १ जानेवारी बहुधा त्यातच येते. शके १७७२ चा माघ हा १८५१ मधला.

आता दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवतात ती वही. खरा इतिहास इथे आहे. दाखल अंक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, किंमत, ‘कोठून मिळाले’ आणि शेरा, हे रकाने बघ. सहा हजार नोंदी असतील तर सगळ्या उतरवत बसू नकोस. दर दहावी घेतलीस की सहाशे होतात. तासाला चाळीस धरल्या तर पंधरा तासांचं काम. मात्र गावाच्या उलथापालथीची वर्षं पूर्ण उतरव. शेवटचा दाखल अंक म्हणजे पुस्तकांची संख्या नव्हे. मोजदादीनंतर काही ठिकाणी नवे अंक दिले जातात आणि एकच पुस्तक दोनदा मोजलं जातं. शिवाय शेऱ्यात ‘बाद’ लिहिलेली वजा करायची राहून जातात. ‘कोठून मिळाले’ हा रकाना सगळ्यांत बोलका. एकाच घराकडून एका दिवशी दीडशे पुस्तकं आली असतील तर बहुधा कुणी वारलेलं असतं किंवा घर विकलेलं असतं. तो धागा सोडू नकोस.

किमतीत लोक हमखास फसतात. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपये-आणे-पै: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा. ‘२-८-०’ म्हणजे अडीच रुपये, दोन रुपये आठ पैसे नव्हेत. एक्सेलमध्ये तसंच टाकलंस तर ते त्याची तारीख करून टाकतं. म्हणून तीन रकाने वेगळे ठेव. जुन्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ‘२॥’ दिसलं तर तो पूर्णविराम नाही, तेही अडीचच. मोडीतली पानं मात्र जाणकाराकडून वाचून घे. अंदाजाने नाव लावलंस की पुढची स्मरणिका तेच छापणार!

कोल्हापूरची चौकट मनात पक्की असू दे. १८५० मध्ये इथे नेटिव्ह लायब्ररी निघाली, तीच आजचं करवीर नगर वाचन मंदिर. ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानानेच केला. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. या सालांच्या आगेमागे जमाखर्चात अनुदानाची ओळ कुठून कुठे सरकते ते बघ. संस्थानी कागदांसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात अर्ज कर. अर्जात खातं आणि साल नेमकं लिही, नुसतं ‘ग्रंथालयाचे कागद’ लिहून काही हाती लागत नाही.

२००५, २०१९, २०२१ च्या पुरात कोणतं कपाट तळमजल्यावर होतं हे ग्रंथपालांना विचार. वह्यांतली मोकळी वर्षं कधी कधी पंचगंगेनेच नेलेली असतात, कार्यवाहांच्या आळसाने नव्हे. चिकटलेली पानं ओढू नकोस, उन्हातही टाकू नकोस. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, टीपकागद बदलत सुकू दे. सेलोटेप तर नकोच.

फोटो काढताना वही पूर्ण उलगडून दाबू नकोस, पाठ मोडते. खाली उशी दे. प्रत्येक वहीच्या पहिल्या फोटोत चिठ्ठी ठेव: वहीचं नाव, साल, कपाट. समितीचं परवानगीपत्र आधी घे आणि फोटोंची एक प्रत त्यांच्याकडे दे. येत्या रविवारी फक्त १९४९ ची पानं उतरव आणि मला पाठव.