नवे ग्राफिक्स कार्ड जुना मदरबोर्ड जाळते का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे: घरात २०१२ साली घेतलेला संगणक आहे, त्यात एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर आय ५-३४७० प्रोसेसर आणि ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आहे. त्यावर आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड बसवायचे आहे, पण पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी केली तेव्हा दुकानदाराने सांगितले की नवी कार्डे फार वीज ओढतात, जुना बोर्ड जळेल, तेव्हा आधी बोर्ड बदला.

उत्तर आधीच सांगतो. हे एक कार्ड त्याच्या वीजवापरामुळे तुमचा बोर्ड जाळणार नाही. मात्र दुकानदाराच्या बोलण्याला काहीच आधार नाही असेही मी म्हणणार नाही, कारण ही भीती २०१६ साली एका खऱ्या प्रकरणातून पसरली. ते प्रकरण समजून घेतले तर तुमच्या संगणकात नेमके काय तपासायचे हे आपोआप स्पष्ट होईल.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. पहिली वाट म्हणजे ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसते तो स्लॉट, आणि दुसरी म्हणजे एसएमपीएसमधून थेट कार्डाच्या कडेला जोडली जाणारी सहा किंवा आठ पिनांची केबल. या स्लॉटचे मानक म्हणजे पीसीआय एक्सप्रेस; त्याच्या नियमानुसार स्लॉटमधून कार्डाने जास्तीत जास्त ७५ वॉट घ्यावेत, आणि त्यातही १२ व्होल्टच्या वाटेने ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॉटच. उरलेले सुमारे १० वॉट ३.३ व्होल्टच्या पिनांतून. सहा पिनांच्या केबलला ७५ वॉट आणि आठ पिनांच्या केबलला १५० वॉट अशी मर्यादा आहे. जी वीज केबलने येते तिचा मदरबोर्डाशी संबंध येत नाही. म्हणून खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा पाहून बोर्डाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. त्यातले किती वॉट स्लॉटमधून जातात हे पाहावे लागते. बोर्डावर प्रोसेसरच्या भोवती जे वीजनियंत्रक घटक दिसतात, त्यांच्यावरही ग्राफिक्स कार्डाचा भार पडत नाही. स्लॉटची १२ व्होल्टची वीज एसएमपीएसमधून बोर्डाला येणाऱ्या २४ पिनांच्या मोठ्या जोडणीतून येते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवरून जवळपास सरळ स्लॉटपर्यंत पोहोचते.

आता २०१६ चे प्रकरण. एएमडी या कंपनीने २९ जून २०१६ रोजी रेडिऑन आरएक्स ४८० हे कार्ड बाजारात आणले. कार्डाचा घोषित वीजवापर १५० वॉट आणि जोडणी एकच, सहा पिनांची. स्लॉटचे ७५ आणि केबलचे ७५ मिळून बरोबर १५०. म्हणजे कागदावर एका वॉटचीही शिल्लक नव्हती. मूळ रचनेच्या कार्डात वीज दोन्ही वाटांतून साधारण निम्मी-निम्मी घेतली जात होती, आणि प्रत्यक्ष खेळ चालू असताना कार्ड १५० च्या वर जाई. परीक्षकांनी स्लॉटवर वेगळे मोजमाप केले तेव्हा तिथून ८० वॉटच्या आसपास आणि कार्डाचा वेग वाढवल्यावर त्याहूनही अधिक वीज जात असल्याचे आढळले. कंपनीने जुलैमध्येच क्रिमसन १६.७.१ हा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, दिला, ज्यात स्लॉटवरचा काही भार केबलकडे वळवला होता, आणि एकूण वापर आणखी कमी करणारा एक वेगळा पर्यायही होता, जो वापरणाऱ्याने स्वतः चालू करायचा होता. ही दुरुस्ती कार्डात नव्हे, ड्रायव्हरमध्ये झाली हे लक्षात ठेवण्यासारखे आहे; आज कोणी जुने आरएक्स ४८० विकत घेत असेल तर त्याने त्यापूर्वीचा ड्रायव्हर टाकू नये.

स्लॉटवर थोडा जास्त भार पडला तर काय बिघडते, हेही आकड्यांनीच पाहू. स्लॉटमध्ये एकूण १६४ पिना असतात, पण १२ व्होल्ट आणणाऱ्या त्यांतल्या फक्त पाच. ५.५ अँपिअर पाच पिनांत विभागले की प्रत्येकीच्या वाट्याला १.१ अँपिअर येतात. ८० वॉट ओढले तर एकूण प्रवाह ६.७ अँपिअर होतो, म्हणजे सुमारे एक-पंचमांशाने जास्त. पिन आणि कार्डाची कडा जिथे टेकतात तिथला रोध तोच राहिला, तर उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती जवळजवळ दीडपट होते. चांगल्या, स्वच्छ पिनांना एवढे सहन होते, आणि म्हणूनच त्या कार्डाने सरसकट बोर्ड जळाले नाहीत. पण धूळ बसलेल्या, पुण्याचे दहा-बारा पावसाळे पाहिलेल्या स्लॉटमध्ये पिनांवर गंज धरलेला असू शकतो, रोध वाढलेला असू शकतो, आणि एखादी पिन नीट टेकत नसेल तर तिचा भार उरलेल्या चार जणींवर पडतो. जुन्या बोर्डाचा खरा कमकुवतपणा तो इथे.

तुमच्या आरएक्स ६६०० ला ही अडचण येत नाही. त्याचा घोषित वीजवापर १३२ वॉट आहे आणि जोडणी आठ पिनांची, जी एकटीच १५० वॉट आणू शकते. म्हणजे आरएक्स ४८० पेक्षा वापर कमी आणि केबलची मुभा दुप्पट. याउलट, ज्या कार्डांना वेगळी केबल लागतच नाही, ती ‘लहान’ म्हणून जुन्या बोर्डासाठी डोळे मिटून सुचवली जातात, पण त्यांचा सगळा भार स्लॉटवरच असतो. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॉटचे, ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० सुमारे ७० वॉटचे. ती नियमात बसतात आणि धडधाकट बोर्डावर बिनघोर चालतात. मात्र बोर्ड फार जुना असेल, तर स्लॉटच्या दृष्टीने केबलवाले मध्यम कार्ड हे बिनकेबलच्या लहान कार्डापेक्षा सौम्य ठरू शकते, असे माझे ठाम मत आहे. अशा कार्डांचा वेग वाढवण्याच्या फंदात तर जुन्या बोर्डावर पडूच नये.

बोर्ड खरोखर जळलेला मी एकदा पाहिला आहे. २०१८ च्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका परिचितांनी मायनिंगसाठी, म्हणजे क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी, एकाच जुन्या बोर्डावर तीन कार्डे चालवली होती, आणि यंत्र अधूनमधून आपोआप बंद पडते म्हणून ते माझ्याकडे आणले. २४ पिनांची जोडणी काढायला गेलो तर ती निघेना. बरीच खटपट करून सोडवली तेव्हा दिसले की शेजारशेजारच्या दोन पिवळ्या तारांचे आवरण टोकाकडे बोटाच्या पेराएवढे तपकिरी आणि कडक झाले होते, बोर्डावरच्या पांढऱ्या सॉकेटला त्या दोन भोकांभोवतीच चहाच्या डागासारखा रंग चढला होता, आणि उरलेल्या बावीस पिना अगदी स्वच्छ होत्या. स्लॉटही तिन्ही ठीक होते. त्या दोन पिवळ्या तारा म्हणजे प्रोसेसर सोडून उरलेल्या बोर्डाला १२ व्होल्ट आणणारा मार्ग. प्रत्येक कार्डाने स्लॉटमधून ६० वॉट घेतले तरी तिघांचे मिळून १५ अँपिअर होतात, म्हणजे एका पिनेला साडेसात, आणि तेही अधूनमधून नव्हे तर रात्रंदिवस. आणि अशा साध्या पिनेची क्षमता साधारण सहा अँपिअर धरतात. स्लॉटच्या शेजारी जादा वीज देण्यासाठी चार पिनांचे मोलेक्स सॉकेट दिलेले होते, ते रिकामे होते. ते पाहून मला फार वाईट वाटले, कारण एसएमपीएसची एक मोकळी तार तिथे जोडली असती तर तो बोर्ड वाचला असता.

हेच गणित तुमच्या संगणकाला लावा. एका कार्डाने स्लॉटमधून पूर्ण ५.५ अँपिअर घेतले तरी त्या दोन पिनांना प्रत्येकी पावणेतीनच्या आसपास येतात, आणि पंखे वगैरे धरूनही पुष्कळ अंतर राहते. अपवाद आहे तो त्याहूनही जुन्या, २० पिनांच्या जोडणीच्या बोर्डांचा, कारण तिथे १२ व्होल्टची पिवळी तार एकच असते. तसा बोर्ड कोणाकडे असेल तर त्यावर स्लॉटमधून भरपूर वीज घेणारे कार्ड लावू नये.

तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती बोर्डाची नाही, एसएमपीएसची. ‘४५० वॉट’ हा आकडा सगळ्या व्होल्टेजची बेरीज असतो, आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये त्यातला १२ व्होल्टचा वाटा फारच कमी असतो. बाजूच्या पट्टीवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. तिथे १६ असेल तर त्याचे १९२ वॉट होतात, आणि तुमच्या प्रोसेसरचे ७७ व कार्डाचे १३२ मिळूनच २०९ भरतात. आरएक्स ६६०० साठी कंपनी ४५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, पण तो खऱ्या ४५० वॉटचा. १२ व्होल्टवर ३० अँपिअरच्या पुढे देणारा, ८० प्लस (वीज कमी वाया जाते याचे प्रमाणपत्र) असलेला आणि मूळचीच आठ पिनांची केबल असलेला एसएमपीएस घ्यावा असा माझा आग्रह आहे. कमकुवत एसएमपीएसचे व्होल्टेज भाराखाली खाली येते, कार्डाला मात्र तेवढेच वॉट हवे असतात, त्यामुळे ते जास्त अँपिअर ओढते आणि त्याच पिना आणखी तापतात. आणि असा एसएमपीएस फुटताना त्यात संरक्षण नसेल, तर वाढलेले व्होल्टेज थेट बोर्डात जाते. ‘नव्या कार्डाने बोर्ड जाळला’ असे ज्याला म्हणतात, तिथे आधी एसएमपीएस तपासावा.

केबल नाही म्हणून साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, जोडणीतून सहा पिनांची केबल बनवणारे ॲडॅप्टर मिळतात, ते कृपा करून वापरू नका. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे जेमतेम ५४ वॉट.

आणखी एका गोष्टीची आधीच कल्पना देऊन ठेवतो. कार्ड बसवल्यावर पडद्यावर काहीच दिसले नाही तर बोर्ड गेला असे समजू नका. एच ६१ च्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचा बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, जुन्या पद्धतीचा आहे, आणि नवी कार्डे यूईएफआय ही त्याची नवी पद्धत गृहीत धरतात. कार्ड काढून प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सवर संगणक सुरू झाला की बोर्ड शाबूत आहे. मग बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून शेवटचा बायोस टाकून पाहा. कार्ड विकत घेण्यापूर्वीच बायोस अद्ययावत केलात तर उत्तम.

बसवण्यापूर्वी वीज पूर्ण बंद करून स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढा आणि कार्डाची सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत ना आणि २४ पिनांच्या सॉकेटवर कुठे रंग बदललेला नाही ना, तेही उजेडात पाहा. जुन्या वाड्यात राहत असाल तर भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पेठांतल्या कित्येक घरांत तिसरे भोक नुसतेच असते.

कार्ड बसल्यावर तासभर एखादा जड खेळ चालवा आणि तो चालू असतानाच २४ पिनांच्या जोडणीच्या मागच्या बाजूने, पिवळ्या आणि काळ्या तारेत मल्टिमीटर धरून व्होल्टेज मोजा. टोके एकमेकांना लागू देऊ नका, आणि हात सरावाचा नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. ११.४ ते १२.६ च्या मधला आकडा नियमात बसतो, ११.८ च्या वर असेल तर मी निश्चिंत राहीन, आणि ११.४ च्या खाली गेला तर खेळ लगेच थांबवून एसएमपीएस बदला. मग संगणक बंद करून त्या दोन पिवळ्या तारांना जोडणीजवळ बोट लावून पाहा. कोमट लागल्या तर हरकत नाही. चटका बसला तर कार्ड काढून ठेवा आणि एसएमपीएसच्या पट्टीचा फोटो व मोजलेले व्होल्टेज मला कळवा, पुढचे आपण मिळून पाहू.