यादीतला नंबर आणि शेजारची सीट

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुमची आणि पलीकडची, अमेरिकेतल्या या दोन्ही रीजनल कंपन्या (मोठ्या एअरलाइन्ससाठी छोट्या मार्गांवर उडणाऱ्या) एक होणार हे जाहीर झाल्यापासून तू रोज रात्री एक्सेल उघडून बसतेस आणि आठ महिन्यांवर आलेलं कॅप्टनचं अपग्रेड आता किती लांबणार याचा हिशोब करतेस. कर. मीही केला होता. आमच्या विलीनीकरणाच्या काळात मी मर्जर कमिटीवर (दोन्हीकडच्या वैमानिकांच्या याद्या जोडणाऱ्या कमिटीवर) होतो, त्यामुळे इतर शेकडो जणांचा हिशोबही माझ्याच टेबलावर होता. म्हणून सांगतो, नंबराचा हिशोब करू नकोस, प्रमाणाचा कर.

समज, तुमच्या सीनियॉरिटीच्या यादीत, जिच्यातल्या नंबरावर अपग्रेड ठरतं, ३०० वैमानिक आहेत आणि तू १५०वी आहेस. पलीकडे ६०० आहेत. तिकडचे दोन, तुमचा एक अशा प्रमाणात याद्या विणल्या, तर तू ४५०वर जातेस. आकडा बघून पोटात गोळा येतो, पण ९०० जणांत ४५०वी म्हणजे तू होतीस तिथेच, बरोबर मध्यावर. आता रुजू झाल्याच्या तारखेने यादी लावून बघ. तुमची कंपनी तरुण, तिकडे दहा-दहा वर्षं झालेले लोक. तू ७००च्या आसपास जाशील. तुमची अख्खी यादी त्यांच्या तळाला जोडली, ज्याला आपण स्टेपल करणं म्हणतो, तर ७५०. माणसं तीच, विमानं तीच. ४५० आणि ७५० यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढ्यासाठी लोक वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

तिकडच्या एखाद्या दहा वर्षं जुन्या फर्स्ट ऑफिसरला विचारलंस तर तो म्हणेल, मी आधी आलो, मी वर. तुमच्याकडची तीन वर्षांत कॅप्टन झालेली मुलगी म्हणेल, माझ्याकडे डावी, म्हणजे कॅप्टनची सीट आहे, ती मी घेऊनच आले. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच एएलपीए या वैमानिकांच्या युनियनच्या मर्जर पॉलिसीत सेवेची वर्षं, सीट आणि विमानाचा प्रकार (आपल्या भाषेत स्टेटस आणि कॅटेगरी) आणि विलीनीकरणाआधी करिअरकडून असलेल्या अपेक्षा, या तिन्हींचा विचार करायला सांगितलं आहे. कुठल्याला किती वजन द्यायचं हे मात्र पॉलिसी सांगत नाही. ते आधी दोन्ही कमिट्यांनी बोलणी करून ठरवायचं, नाही जमलं तर मध्यस्थ, आणि शेवटी लवाद. लवादाची यादी वैमानिकांच्या मतदानाला येत नाही हे लक्षात ठेव. मत देता येतं ते एकत्रित कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींच्या करारावर.

या सगळ्यामागचा कायदा आपल्याच गल्लीतून आला आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. १९७२ मध्ये अॅलेगेनी आणि मोहॉक एकत्र आल्या तेव्हा त्या दोन्ही छोट्या शहरांना जोडणाऱ्या कंपन्या होत्या. तेव्हा विमानकंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने त्या विलीनीकरणाला अटी घातल्या: याद्या न्याय्य आणि समतोल पद्धतीने जोडायच्या, एकमत नसेल तर लवादाकडे जायचं. पुढे विमानसेवा नियंत्रणमुक्त झाली, बोर्डही गेलं आणि हे संरक्षण विरलं. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही कंपनी घेतली आणि टीडब्ल्यूएच्या वैमानिकांचा मोठा गट यादीच्या तळाशी गेला. त्यानंतरच्या फर्लोंमध्ये, म्हणजे काम नसल्याने वैमानिकांना बिनपगारी बसवतात तेव्हा, तेच आधी घरी बसले. टीडब्ल्यूएचा जीव सेंट लुइसमध्ये होता. म्हणून मिझुरीचेच दोन सिनेटर, क्लेअर मॅकास्किल आणि किट बाँड, यांनी २००७ मध्ये अॅलेगेनी-मोहॉकच्या त्या दोन कलमांना कायद्याचं बळ दिलं. दोन्ही बाजूंना एकच युनियन असेल तर युनियनची पॉलिसी चालते. वेगवेगळ्या असतील तर ही कलमं. तुमच्याकडे काय आहे ते आधी बघ.

अॅलेगेनी पुढे यूएसएअर झाली, मग यूएस एअरवेज. न्याय्य यादीच्या नियमाला जिचं नाव लागलं, तिच्याच वारसांत या धंद्यातलं एक फार लांब भांडण झालं. २००५ मध्ये अमेरिका वेस्टशी विलीनीकरण. मे २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी यादी दिली. यूएस एअरवेजचे मोठ्या विमानांवरचे ज्येष्ठ सर्वांत वर, मधले प्रमाणाने विणलेले, आणि फर्लोवर असलेले सुमारे १७०० जण तळाशी. त्यात सोळा-सतरा वर्षांची सेवा झालेले लोक होते, आणि त्यांच्या वर अमेरिका वेस्टमध्ये नुकतेच रुजू झालेले. पूर्वेकडच्यांना, म्हणजे जुन्या यूएस एअरवेजवाल्यांना, हे सहन झालं नाही. त्यांनी २००८ मध्ये एएलपीए सोडून स्वतःची युनियन आणली, रुजू तारखेच्या आग्रहावर. खटले सुरू झाले. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरणाची वेळ येईपर्यंत दोन्ही बाजूंना एकत्रित कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही, आणि पूर्वेकडचे तोवर दिवाळखोरीच्या काळातल्या पगारावरच उडत राहिले. अंतिम यादी आली २०१६ मध्ये. काही जण ती बघायच्या आधीच निवृत्त झाले. त्या रागाला कारण होतं, आणि तरीही मी म्हणतो की त्या रागाने त्यांचंच सर्वांत जास्त खाल्लं.

आपल्याकडे, रीजनलमध्ये, आणखी एक गोष्ट आहे. आपली विमानं कुठे उडणार हे आपण ठरवत नाही. तिकीट मेजरचं (मोठ्या एअरलाइनचं), वेळापत्रक मेजरचं, आपण करारावर उडतो. पिनॅकल, मेसाबा आणि कोलगन या रीजनल कंपन्यांची एकत्र यादी २०११ मध्ये झाली. कोणाकडे जेट, कोणाकडे टर्बोप्रॉप (पंख्याची विमानं), कोणाची वाढ होणार, यावर केवढा काथ्याकूट झाला असेल याची मला कल्पना आहे. १ एप्रिल २०१२ ला पिनॅकल दिवाळखोरीत गेली. टर्बोप्रॉप गेले, छोटी जेटं कमी होत गेली, २०१३ मध्ये कंपनी बाहेर पडली ती एन्डेव्हर एअर म्हणून, मोठ्या सीआरजे-९०० जेटांवर भर देऊन. ज्या विमानांच्या जोरावर 'करिअरच्या अपेक्षा' मांडल्या, त्यातली बरीच विमानंच उरली नाहीत. मीही एकदा माझा नंबर टिकणार अशा हिशोबाने बेसजवळ, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते त्या विमानतळाजवळ, घर घेतलं होतं. दीड वर्षात तो बेस बंद झाला. म्हणून यादी येईपर्यंत नंबरावर कर्ज काढू नकोस.

आता एक काम आजच कर. कमिटी तुझी नोंद तपासायला पाठवेल. ती नीट वाच. रुजू झाल्याची तारीख, ट्रेनिंग क्लासमधला क्रम, रजा, फर्लो, सगळं. आमच्या एका सहकाऱ्याची आजारपणाची लांब रजा फर्लो म्हणून धरली गेली होती. हरकतीच्या शेवटच्या दिवशी माझ्या लक्षात आलं. आणखी एक दिवस गेला असता तर काही करता आलं नसतं. आणि स्नॅपशॉटची तारीख विचार. त्या तारखेला जी सीट, तीच यादीसाठी धरतात. तुझं अपग्रेड त्यानंतर झालं तर यादीतली जागा त्याने सुधारणार नाही, पण सीट तुला मिळेल. आणि अशा याद्यांना बहुतेक वेळा अट असते की केवळ विलीनीकरणामुळे कोणाला बसल्या सीटवरून उठवायचं नाही. तीही विचारून घे.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते.

आमची यादी लागल्यानंतर मी तिकडच्या एका फर्स्ट ऑफिसरबरोबर चार दिवसांच्या ट्रिपवर होतो. माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याच्या जुन्या कंपनीत तो कॅप्टन व्हायच्या बेतात होता आणि आमच्या यादीने तो मागे गेला होता. त्या यादीवर माझी सही होती, हे त्याला माहीत होतं. चेकलिस्ट सोडून आम्ही एक शब्द बोललो नाही. तिसऱ्या दिवशी उतरताना कंट्रोलरने ११,००० फूट सांगितले आणि मी उंची लावायच्या विंडोत १०,००० लावले. त्याने बघितलं होतं. तो थांबला. विमान ११,४००वरून खाली जात असताना त्याने सांगितलं. आम्ही सावरलो, काही झालं नाही. रात्री हॉटेलच्या लॉबीत मी त्याला विचारलं, इतका वेळ का लावलास? तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही ऐकून घेणार नाही." चूक माझी होती, पण तो गप्प राहिला त्याला आमची तीन दिवसांची शांतता कारणीभूत होती. त्या रात्री आम्ही दोन तास बोललो. त्याची दोन मुलं, आजारी आई, मेजरमध्ये जायचं वय निघून गेलं असं त्याला वाटत होतं. तुझ्यासारखी मुलगी चार-पाच वर्षांत मेजरमध्ये जाईल आणि तिथे पुन्हा तळापासून सुरू करेल. त्याच्यासाठी ही यादी म्हणजे उरलेली सगळी नोकरी होती. कमिटीच्या खोलीत मी त्याला फक्त एक ओळ म्हणून बघितलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून कमिटीवर दबाव आणताना 'आपल्याला जास्तीत जास्त' असं लिहू नकोस. तिकडच्या मधल्या माणसाला ही यादी वाचून दुसऱ्या दिवशी कामावर यावंसं वाटेल का, एवढं विचार. क्रू रूममध्ये तिकडच्यांची टवाळी चालते तिथून उठून जा.

यादी यायला अजून वेळ आहे. तोवर तिकडचे लोक घरी जाण्यासाठी तुमच्या विमानाच्या दाराशी येऊन जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा सीट, मागतील. परवानगी कॅप्टनची, पण उजव्या सीटवरून तू 'या, बसा' म्हणू शकतेस. क्रूझला गेल्यावर विचार, बेस कुठला, रिझर्व्हवर (बोलावण्याची वाट बघत) आहात की लाइन (ठरलेलं वेळापत्रक) मिळते, घरी किती वाजता पोचाल. उत्तरं ऐक आणि मला कळव.

तुझा,
काका