काळी माउली आणि कापसाचा बोळा

तुझं पत्र मिळालं. सहा पानांत ‘मूळ’ हा शब्द एकोणीस वेळा आलाय. मोजले मी. जन्मभर रंगाचे थर मोजले, ती सवय आता कुठे जाणार? इथल्या, स्वित्झर्लंडमधल्या आइन्झीडेल्न मठातल्या काळ्या माउलीवर, म्हणजे मारियेच्या मूर्तीवर, तुला टिपण लिहायचंय आणि तू अडलीस ती इथे: मूर्ती मुळात काळी नव्हतीच, मग तिला काळी म्हणणं हे खोटं नाही का, काका?

अगं, कुठल्या मुळाबद्दल बोलतेस तू?

माइनराड नावाचा एकांतवासी त्या रानात राहिला, ८६१ मध्ये दोघा चोरांनी त्याला मारलं. त्याची झोपडी आज नाही. ९३४ मध्ये मठ झाला, तोही पुढे कितीदा जळाला. तुझी मूर्ती पंधराव्या शतकातली, म्हणजे मठाहून पाचशे वर्षांनी धाकटी. भोवतालचं चर्च अठराव्या शतकातलं. चर्चच्या आत ते छोटं काळ्या संगमरवराचं चॅपेल आहे ना, जिथे ती उभी असते, ते फ्रेंच सैन्याने १७९८ मध्ये पाडलं आणि १८१७ पर्यंत पुन्हा उभं राहिलं. मूळ म्हणून जिथे बोट ठेवशील ते नंतरचंच निघेल.

आता रंगाचं. फ्रेंच येणार म्हणून मूर्ती आधीच हलवली होती. त्यांच्या हाती नक्कल लागली. खरी डोंगर ओलांडून शेवटी ऑस्ट्रियात ब्लुडेन्झला पोचली आणि १७९९ मध्ये फ्युत्शर नावाच्या कारागिराकडे दुरुस्तीला गेली. त्याला चेहऱ्यावर दिव्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या धुराचं कवच दिसलं, पोपडे धरलेलं. ते निघालं तेव्हा खाली गोरा, माणसाच्या कातडीचा रंग. आपल्या मूर्तिदुरुस्तीच्या धंद्यात याहून आनंदाचा क्षण नाही, तुला सांगायला नको. आणि मग त्याने काय केलं? चेहरा काळा रंगवला. कारण लोक जिच्यापुढे रडले होते ती काळी होती. १८०३ मध्ये ती घरी परतली, ती काळीच.

म्हणजे आज तिथे दिसतो तो काळा रंग धुराचा नाही, कुंचल्याचा आहे. तू याला फसवणूक म्हणतेस. मी म्हणतो, त्या माणसाने पुसल्यानंतर का होईना, एक प्रश्न विचारला: ही काजळी कुणाची आहे? मी तो विचारला नाही.

माझी गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. एका दरीतलं लहानसं चॅपेल, पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने बसतील एवढं. लाकडी मारिया, मांडीवर बाळ. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि नखाएवढी जागा साफ करायची. थुंकीसारखं द्रावण अजून कुणी बनवलेलं नाही. असे अकरा दिवस. गालावर गुलाबी आला, ओठांवर लाल, बाळाच्या हातातलं सफरचंद चक्क हिरवं निघालं. मी खूश. रविवारी गावातली एक म्हातारी आली, पुढच्या बाकावर बसली, बराच वेळ बघत राहिली. उठताना म्हणाली, “सुंदर आहे. पण ही आमची नव्हे.” तिच्या आईने, तिच्या सासूने लावलेल्या मेणबत्त्या मी बोळ्याने टिपून डब्यात टाकल्या होत्या.

तांत्रिकदृष्ट्या माझं काही चुकलं नव्हतं, हे मात्र लिहून ठेव. काजळी आम्लधर्मी असते, ओल धरते, रंग उचलून काढते. पापुद्रे सुटायला लागले होते. अहवाल आजही काढून बघ, एका ओळीवर कुणी हरकत घेणार नाही. आणखी वीस वर्षं तशीच राहिली असती तर गाल गळून पडला असता आणि मग म्हातारीने कुणाला बोल लावला असता? मलाच. पण तिला आधी विचारायला किती वेळ लागला असता? एक कप कॉफीएवढा.

तुला हे कळायला स्वित्झर्लंडला यायची गरजच नव्हती. तू नाशिकची. सप्तशृंगीच्या अंगावरचं शेंदराचं कवच २०२२ मध्ये उतरवलं, तेव्हा घरात काय बोलणं झालं? तुझी आजी काय म्हणाली? ते तुझ्या सहा पानांत का नाही? आमच्या वसईच्या बायका वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात-पाय वाहतात, त्यातल्या एकीनेही मला कधी विचारलं नाही की हिचा पहिला रंग कोणता.

रागावू नकोस. तुझा हात चांगला आहे, नजर त्याहून चांगली, म्हणूनच चिडतोय. तुझ्या वयात मीही दिवा तिरका धरून रंगाच्या कडा बघायचो आणि शेजारी गुडघे टेकलेला माणूस मला अडथळा वाटायचा.

तेव्हा येत्या रविवारी जा, मोजमापाचं सामान न घेता. आधी बस. माउलीला जरीचा घोळदार झगा असतो, सणावारी बदलतात. आपल्याला दिसतात ते फक्त आई आणि बाळाचे दोन काळे चेहरे आणि हात. तिच्यासमोर तमिळ बायका दिसतील, श्रीलंकेतल्या युद्धामुळे इथे आलेल्या घरांतल्या. त्यांत हिंदूही असतात. बाझेलजवळच्या मारियाश्टाइन मठाच्या गुहेतही मी त्यांना पाहिलंय, जिथे जिन्याच्या भिंतीवर ‘मारियेने मदत केली’ अशा पाट्यांची रांग आहे. त्यांच्यातल्या एखादीशी बोल. जर्मन तुझं तोडकं, तिचंही तोडकं असेल, छान जमेल. ती काळी का आहे हे तिला विचारू नकोस. ती तुझ्याकडेच विचित्र बघेल. कशासाठी आलीस एवढं विचार. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मठवासी चॅपेलपुढे येऊन ‘साल्वे रेजिना’ हे मारियेचं लॅटिन स्तोत्र गातात, तोवर थांब. चार वाजताच्या गाडीने पळून येऊ नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

त्या दरीतल्या चॅपेलात मागच्या वर्षी गेलो होतो. म्हातारी केव्हाच गेली. मारियेच्या हनुवटीखाली पुन्हा काळं धरायला लागलंय. खिशात काडी आणि कापूस होता, नेहमीच असतो.

झुरिकहून जाताना गाडी वेडन्सविलला बदलायची. चर्चसमोरच्या कारंज्याला चौदा तोट्या आहेत, यात्रेकरू सगळ्यांचं पाणी पितात. थंडी असेल तर दोनतीन पुरे. परत आलीस की टिपण पाठव. मी लाल पेन काढून ठेवलंय.