चाळिशीत संशोधनाचा विषय बदलू का?

‘मॅडम, मला झाडांची नावंही धड येत नाहीत. तरी निसर्गसंवर्धनाच्या संशोधनात उतरायचंय. उशीर झाला का?’ पुण्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारत होत्या. राजीनाम्याचा मसुदा पर्समध्ये तयार होता. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न घेऊन हल्ली बरेच प्राध्यापक माझ्याकडे समुपदेशनाला येतात.

ही ओढ कुठून लागली, असं मी विचारलं. भीमाशंकरच्या बाजूला, आंबेगाव तालुक्यात एनएसएसचं शिबिर होतं. एका अंगणात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला. तो राखणाऱ्या आजींनी यांना विचारलं, ‘आमी रानात मरमर करायची, आन भाव कोन ठरवतं गं?’ बाजारभाव शिकवणाऱ्या बाईंना उत्तर देता आलं नव्हतं. हे सांगताना त्यांचा आवाज पार बदलला. वनस्पतिशास्त्राचा विषय निघाला की मात्र मान खाली.

मी म्हटलं, ‘आजींचा प्रश्न तर तुमच्याच विषयातला आहे.’ २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज, म्हणजे हिरड्यासारखं लाकडाखेरीजचं रानातलं उत्पन्न, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला, पण तो पदरात पडायला वजनं, दर, व्यापाऱ्याचे हिशेब कुणीतरी नीट समजून घ्यायला हवेत. हिरड्यातून चार पैसे सुटले, तर ते झाड राखण्यात गावाचंही हित आहे. झाडं ओळखणारा जोडीदार शोधता येतो. माधव गाडगीळ हार्वर्डहून गणिती परिसरशास्त्र शिकून १९७१ मध्ये पुण्यात आले आणि देवरायांचा अभ्यास त्यांनी वा. द. वर्तक या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सोबतीनं केला.

राजीनाम्याची घाई मला बहुतेक वेळा थकव्यातून आलेली दिसते. इथंही तेच होतं. पेपर तपासणी, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली, घरचं आजारपण. त्यावर आम्ही बरीच सत्रं बोललो. नोकरी ठेवायची, हिरड्याच्या हंगामात रजा टाकायची, एवढंच तूर्त ठरलं. एक गोष्ट मात्र मी आग्रहानं सांगितली: माहिती गोळा करण्याआधी ग्रामसभेत बसून परवानगी घ्या, आणि जे हाती लागेल ते आधी गावाला मराठीत वाचून दाखवा.

ग्रामसभेनं होकार दिला, पण आधी आमच्या विक्रीच्या पावत्या लावून द्या म्हणाले. सध्या त्या तेच करताहेत. घराच्या हप्त्यांमुळे यजमान अजून धास्तावलेले आहेत. पुढच्या सत्राला दोघं येणार आहेत.